ऑटोची कळ मी फिरवली नव्हती

मी, हेमराज शांतीलाल पाटील, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळदे, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लेखनिक लावलेला नाही. सांगून लिहून घेणे मला शक्य नाही, कारण मार्चअखेर नाशिकला माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात स्वरयंत्र काढावे लागले. रोग मात्र पूर्ण निघालेला नाही. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची गोष्ट बोलून दाखवली, त्यापुढची नाही.

माझे चित्त शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा धाक नाही, कोणी गोडीगुलाबीने लिहून घेत नाही. पुढे काही मजकूर असा येईल की वाचणाऱ्याला माझ्या डोक्याविषयी शंका यावी. त्याने तो मजकूर पुन्हा एकदा वाचावा. मी तो रोज दिवसाउजेडी, ओट्यावर बसून, कोऱ्या चहावर लिहिला आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गावातील राहते घर, त्यामागचा गोठा, दोन म्हशी आणि बँकेतील सर्व शिल्लक माझी पत्नी मीनाबाई हिच्या एकटीच्या मालकीची होईल. मुलांनी त्यात हिस्सा मागू नये. मीनाबाईने माझ्याशी सव्वीस वर्षे संसार केला आणि त्यातली निदान वीस वर्षे मी तिला स्वतःच्या चुकांसाठी बोलत आलो. बस चुकली तर तिने डबा उशिरा भरला म्हणून, केळी पिवळी पडली तर तिने पाणी लवकर तोडले म्हणून. या घरावर तिचा हक्क माझ्यापेक्षा जुना आहे असे समजावे.

कलम २. रस्त्याकडचे दोन एकर माझी मुलगी रोशनी हिला द्यावे. ती शिरपूरला सासरी सुखी आहे. तिने जमीन मागितलेली नाही, तरीही द्यावी. लहानपणी तिच्या बाबतीत जे घडले ते कलम ४ मध्ये येईल. ते वाचून तिने मनाला लावून घेऊ नये. तिची त्यात काही चूक नव्हती. ती शहाण्या मुलीसारखी वागली.

कलम ३. पान्यांचा संच, लोखंडी शिडी, फवारणीचा पंप आणि उसाचे कोयते शेजारी चुनीलाल यांना द्यावे. ते म्हणतील नको. तरी त्यांच्या अंगणात नेऊन ठेवावे. सन २००४ मध्ये माझा पाऊण एकर ऊस जळाला तेव्हा चुनीलाल यांनी बांध पेटवला म्हणून जळाला, असे मी चारचौघांत सांगितले होते. बांध त्यांनी पेटवला नव्हता. मी पाचट पेटवून जेवायला घरी गेलो होतो. त्यावरून आमच्यात एकवीस वर्षे बोलणे नव्हते. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही आणि वर पत्रिका वेळेवर आली नाही असे म्हणत राहिलो. हे वैर माझे होते. ते मी माझ्याबरोबर नेतो.

कलम ४. गट क्रमांक ११७ पैकी विहिरीसह एक एकर. हे कलम लांब आहे. हे मृत्युपत्र मुळात याच कलमासाठी लिहिले आहे.

सन १९९८ साली मी बावीस वर्षांचा होतो. शहाद्याच्या कॉलेजात दोनदा नापास होऊन घरी बसलो होतो. पहिल्यांदा नापास झालो ते मास्तरांच्या डोळ्यांवर आलो म्हणून, दुसऱ्यांदा वडिलांनी ऐन परीक्षेत कापूस मोजायला बसवले म्हणून. असे मी सांगत असे आणि मला ते खरेही वाटत असे. माझे वडील शांतीलाल हे कमी बोलणारे गृहस्थ होते. ते ऐकून घेत.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारे वेस्ता नावाचे सालदार होते. सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यातले. ते, त्यांची बायको कमलीबाई आणि अठरा वर्षांचा मुलगा इंद्रसिंग असे तिघे मळ्यातच राहत. मी त्यांना वेस्तादादा म्हणे. पोहायला मला त्यांनीच शिकवले, त्याच विहिरीत.

त्या काळी विजेचा भरवसा नव्हता. म्हणून स्टार्टरला एक पेटी जोडलेली असे. वीज आली की ती मोटर आपोआप सुरू करी. तिला सगळे नुसते ऑटो म्हणत. विहिरीत कोणी उतरायचे असले की आधी ऑटोची कळ फिरवून बंद करायची आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचे, हा आमच्या घरचा नेम होता. वडिलांनी तो घालून दिला होता.

मे महिन्याची नऊ तारीख होती. पाणी खोल गेले होते, म्हणून मोटर खालच्या टप्प्यावर उतरवायची होती. वडील शहाद्याला गेले होते आणि जाताना कळ आणि फ्यूज माझ्यावर सोपवून गेले होते. वीज दोन वाजता यायची होती. वेस्तादादा बाराच्या सुमारास शिडीने खाली उतरले. मी केळीच्या सावलीत रेडिओवर सामना ऐकत होतो. ज्यांनी भर उन्हाळ्यात केळीची बाग आतून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की बाहेर डोळे दिपत असले तरी आत हिरवट अंधार असतो आणि गारवा सोडून उठवत नाही. स्टार्टरची खोली तिथून चाळीस पावलांवर होती. त्यानंतर मी ती अनेकदा मोजली आहेत.

खालून वेस्तादादांचा आवाज आला, "भाऊ, बंद शे ना?"

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "हां, बंद शे."

मला वाटले हे षटक संपले की उठू. दोन वाजायला वेळ होता.

इंद्रसिंग पाणी प्यायला स्टार्टरच्या खोलीत गेला होता. माठ तिथेच असे. तो आत असताना, बारा वाजून काही मिनिटांनी, वीज आली. आधी मोटरची घरघर ऐकू आली. जोडाची पट्टी काढलेल्या उघड्या तारा वेस्तादादांच्या हातात होत्या. ओरडणे असे झालेच नाही. शिडी मात्र एकदा हलली.

मी धावलो, पण विहिरीकडे नाही. आधी खोलीत गेलो. इंद्रसिंग तोवर बाहेर पळाला होता. मी ऑटोची कळ फिरवली, फ्यूज काढून खिशात घातले आणि मग विहिरीवर गेलो.

लोक जमले तेव्हा मी दोन वाक्ये बोललो. एक, "मी बंद केला होता." दुसरे, "इंद्रसिंग आत गेला होता." पहिले खोटे होते आणि दुसरे खरे. खऱ्याच्या आधाराने खोटे उभे राहिले. फ्यूज काढलेले असताना मोटर चालू कशी झाली, हे त्या गडबडीत कोणाला सुचले नाही. कोणी विचारले असते तर फ्यूज मी नंतर काढले असे सांगायची माझी तयारी होती.

पंचांनी इंद्रसिंगला विचारले, "तुन्हा हात लागना का?"

तो माठाजवळ उभा होता. बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माले याद नही. लागना व्हई."

ते कागदावर लिहिले गेले. त्याखाली त्याचा अंगठा घेतला. नोंद अपघाताची झाली. पण बापाला मुलाच्या हाताने मरण आले हे गावभर झाले आणि गावाहून ते डोंगरात गेले. आठ दिवसांत कमलीबाई आणि इंद्रसिंग पाड्यावर निघून गेले. कमलीबाई पुढे चालत होत्या, इंद्रसिंग वीस-पंचवीस हात मागे. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिले नाही.

शहाद्याचे इद्रिसभाई मोटरी दुरुस्त करतात. ऑटो त्यांनीच बसवला होता. पेटी तपासायला वडिलांनी त्यांना बोलावले. त्यांनी कळ चार वेळा फिरवून पाहिली आणि वडील दूर असताना मला म्हणाले, "हेमराज, ही कळ धक्का लागीसन फिरत नही. दाबीसन फिरवनी पडस." ते माझ्याकडे पाहत थांबले. मग त्यांनी हत्यारे आवरली आणि सायकल काढली.

वडिलांनी त्या रात्री जेवताना एकदाच विचारले, "तू बंद करेल व्हता ना?" मी हो म्हणालो. पुढे तेरा वर्षे ते जगले. त्या तेरा वर्षांत त्यांनी स्टार्टरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात कधी दिली नाही. मागितली तर म्हणत, थांब, मी येतो.

यानंतरचे मी जसे घडले तसेच लिहितो.

पुढच्या वैशाखात, माझ्या लग्नानंतर महिन्याभराने, मी मळ्यात एका मजुरावर ओरडत होतो. केळीचे घड मी उशिरा उतरवायला घेतले होते आणि ते उन्हाने काळे पडले होते. मी त्याला म्हणालो, तुझ्यामुळे माल गेला. तेवढ्यात विहिरीतून आवाज आला.

"भाऊ, बंद शे ना?"

आवाज रागाचा नव्हता. हातात काम असलेला माणूस वर न पाहता विचारतो तसा. किंचित घुमलेला. मी काठावर जाऊन पाहिले. पाणी स्थिर होते आणि शिडी कोरडी होती. मजुराने विचारले, काय पाहता. त्याला ऐकू आले नव्हते.

चुनीलाल यांच्यावर आळ घेतला त्या दिवशी तो आला. मीनाबाईला बोललो की येई. एकदा शहाद्याच्या बसस्टँडवर आला. तिथे विहीर नव्हती, केळी नव्हत्या. गाड्यांचे हॉर्न आणि भोंग्यावरची नावे यांच्या खालून, अगदी कानाशी, तोच आवाज आला. मी बस चुकल्याबद्दल मीनाबाईला दोष देऊन वाक्य पुरते संपवलेही नव्हते. तेव्हा मला नियम कळला. माझ्या हातची गोष्ट मी दुसऱ्याच्या पदरात टाकली की वेस्तादादा विचारत. बाकी वेळी महिनोन्‌महिने काही नाही.

नियम कळूनही मी वागणे बदलले नाही, हे इथे नमूद करतो. मी कानात कापूस घालू लागलो.

सन २००८ मध्ये रोशनी आठ वर्षांची होती. सुट्टीत ती मळ्यात भातुकली खेळत होती. मी बांधावर बसून आडत्यावर खापर फोडत होतो. ती विहिरीकडून धावत आली आणि म्हणाली, "बाबा, हिरमां कोन शे? त्यानी इचारं, बंद शे ना. मी सांगं, हां शे."

मी तिला उचलले आणि घरापर्यंत पळालो. माझे उत्तर माझ्या मुलीने दिले होते. तिला तीन दिवस ताप होता. तापात ती काही बरळली नाही, फक्त उजवा हात उशीखाली घालून झोपे.

त्या पावसाळ्यानंतर मी बोअर घेतला, विहिरीची वीज तोडली, मोटर काढून विकली आणि विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकला. एक माणूस जाईल एवढे झाकण ठेवून त्याला कुलूप लावले. सन २०१५ च्या मे महिन्यात सकाळपासून गावाची वीज गेलेली असताना मीनाबाईने भरदुपारी विहिरीच्या पाटाला पाणी वाहताना पाहिले. सात वर्षांचा कोरडा पाट. तिने हात घातला. पाणी अंगाच्या उबेइतके कोमट होते, असे ती सांगते. ती घरी आली, माठातले पाणी प्याली आणि मला विचारले, "आज तुम्ही कोनले बोलनात?"

मी म्हणालो, कोणाला नाही. तिने पुन्हा विचारले नाही. नियम तिलाही कळला होता आणि तिने मला कधी सांगितले नव्हते.

कलम ५. मुलगा धीरज. याच्याविषयी आधी घडलेले लिहितो, मग वाटणी.

धीरज तेवीस वर्षांचा आहे. या वर्षी जानेवारीत तो पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर ऊस घेऊन जात होता. ट्रॅक्टरवर चालक म्हणून आकिब होता, इद्रिसभाईंचा नातू. वाटेत ट्रॉलीचे चाक बसले. ट्रॉली रस्त्यावर सोडून आकिब जॅक आणायला मागे आला. ट्रॉलीच्या मागे दगड आणि झेंडी लावायचे काम धीरजचे होते. तो फोनवर बोलत नाल्याकडे गेला. दिवस मावळत होता. शहाद्याकडून स्कूटीवर येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेला ट्रॉली दिसली नाही. त्या बाई वाचल्या, पण पाय गुडघ्यापासून गेला.

धीरजने सगळ्यांना सांगितले, "मी आकिबला दगड लावायला सांगितले होते."

हे तो आमच्या ओट्यावर, पोलिसांसमोर, न अडखळता बोलला. मी दारात उभा होतो. त्याच वयात माझा चेहरा कसा दिसला असेल ते मी त्या दिवशी पाहिले. आकिबवर गुन्हा दाखल झाला, त्याचे काम गेले.

मी काही बोललो नाही. फेब्रुवारीत घशाची गाठ कळली. शस्त्रक्रियेनंतर बोलता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा पहिला विचार आला तो हा, की जे बोलायचे राहिले आहे त्याला आता पाच आठवडे उरले.

होळीचा तिसरा दिवस होता. मोलगीपर्यंत जीपने गेलो, तिथून काठी आणि काठीहून पायी पाडा. वाटेत होळीला नाचून परतणारे लोक भेटत होते, अंगावर राखेचे ठिपके तसेच. पाड्यावर सगळ्या घरांना विजेची तार गेलेली दिसली. एकाच घराला नव्हती. मी न विचारता त्या घरापाशी गेलो.

इंद्रसिंग आता पंचेचाळीस वर्षांचा आहे. त्याने लग्न केलेले नाही. तो डाव्या हाताने लाकूड तासत होता. मला त्याने ओळखले. म्हणाला, "बस, भाऊ." कमलीबाई कुडाला टेकून बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितले. आवाज फुटत होता, तरी सगळे सांगितले. सामना, षटक, चाळीस पावले, आणि कळ मी नंतर फिरवली ते.

इंद्रसिंगने अवजार खाली ठेवले. मग म्हणाला, "मन्हा हात लागना नही?"

"नही."

"माले ते याद उनं व्हतं," तो म्हणाला. "हात लागना ते. कळ गार व्हती. तेबी याद शे."

जे घडलेच नाही ते या माणसाला सत्तावीस वर्षे हाताच्या स्पर्शासकट आठवत होते. विहिरीतून आलेल्या हाकेपेक्षा मला त्या क्षणी जास्त भीती वाटली. ती आठवण मी त्याला दिली होती.

कमलीबाईंना मैदानी बोली आता नीट समजत नाही. इंद्रसिंगनेच त्यांना भिलीत सांगितले. आपण निर्दोष आहोत हे स्वतःच्या आईला त्याला स्वतःच समजावून द्यावे लागले. तो सावकाश बोलला, मध्ये थांबला, पुन्हा बोलला. त्यांनी एक प्रश्न विचारला. तो मला म्हणाला, "माय इचारस, तू वर बठीसन काय ऐकी ऱ्हायंता?"

मी म्हणालो, "रेडिओ."

त्याने तेही सांगितले.  कमलीबाईंनी मुलाकडे हात करून काही म्हटले. तो उठला, आत गेला आणि डाव्या हातात पाण्याचा लोटा घेऊन आला. त्यांनी लोटा घेतला नाही. तशाच हात पुढे करून बसल्या. तेव्हा त्याने लोटा उजव्या हातात घेतला. मग त्या प्यायल्या. शेजारचे दोघे-तिघे हे पाहत होते, त्यांतल्या एका म्हातारीने तोंडावर पदर घेतला. मला नंतर कळले, की नवऱ्याच्या मृत्यूपासून त्यांनी मुलाच्या हातचे काही घेतले नव्हते. पाणीसुद्धा.

निघताना मी माफीचे बोललो. इंद्रसिंग म्हणाला, "माफ करं असं मी म्हननार नही. सत्तावीस वरीस मी कोठेन आनू?" मी जमिनीचे बोललो. तो म्हणाला, "माले वावर नको. तवयना कागदवर मन्हं नाव शे. आते तुन्हं नाव कागदवर लिख. सहीना कागद पाहिजे."

म्हणून हा सहीचा कागद. मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात माझा जबाबही दिला आहे, त्याची पोच सोबत आहे. विहिरीसह एक एकर इंद्रसिंग वेस्ता यांच्या नावे करावा. त्यांना नको असल्यास पडीक ठेवावा, विकू नये. या मृत्युपत्राचे कलम ४ व ५ माझ्या हयातीत किंवा नंतर, पिंपळद्याच्या ग्रामसभेत आणि पाड्यावर मोठ्याने वाचावे. वाचून दाखवण्याचे काम माझ्या रक्ताच्या माणसाने करावे.

त्यानंतर वेस्तादादांचा आवाज यायचा बंद झाला. बारा एप्रिलपर्यंत मी अशी समजूत करून घेतली होती की सगळे संपले.

बारा एप्रिलला मी नळी लावून घरात पडलो होतो. बोलणे सोडा, कण्हताही येत नव्हते. दुपारी साडेबाराला धीरज मळ्यातून आला. चप्पल तिकडेच राहिली होती, तळपाय भाजले होते. तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि माझ्या गळ्यातल्या छिद्राकडे पाहत राहिला.

"बाबा, तुम्ही मळामां उनंतात का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"केळीमांईन आवाज उना," तो म्हणाला. "दगड लायात ना, धीरज, असं इचारं. आवाज तुम्हना व्हता. पहिलाना."

मीनाबाई दारात होती. तिने सूप खाली ठेवले. मी पाटीवर लिहिले, तू काय उत्तर दिले? तो म्हणाला, "काहीच नही." मी लिहिले, ते बरे केले.

माझा आवाज डॉक्टरांनी काढून टाकला. तो कुठे गेला हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

वाटणी : उरलेले सात एकर, बोअर आणि ट्रॅक्टर धीरजला मिळावे. या ठिकाणी मी आधी अशी अट लिहिली होती, की धीरजने आकिबच्या बाबतीत खरे सांगितले तरच हे मिळेल. मीनाबाईने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "वावरना लोभमां बोलना ते ते खरं बोलनं कसं म्हनवाई? त्याले देवानं ते दी टाका. मंग पाहू." ती अट मी खोडली आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे. धीरजने काहीही केले वा न केले तरी जमीन त्याची आहे. तो काय करतो ते त्याचे त्याने ठरवावे.

कलम ६. माझ्या देहाला तापीकाठी अग्नी द्यावा. रक्षा विहिरीत किंवा मळ्यात टाकू नये. मी गेल्यावर केळीत कोणाला माझा आवाज ऐकू आला, तर मांत्रिक आणू नये, पूजा घालू नये. तो आवाज जे विचारील त्याचे उत्तर खरे असेल तरच द्यावे. नसेल तर हातातले काम टाकून, जिथे जायचे आहे तिथे आधी जावे.

वर लिहिलेला सर्व मजकूर मी शुद्धीत लिहिला, वाचला आणि बरोबर असल्याची खात्री करून खाली सही केली.

(सही) हेमराज शांतीलाल पाटील
मौजे पिंपळदे, दिनांक १२ मे २०२५

साक्षीदार १. चुनीलाल मगन पाटील, राहणार पिंपळदे. हेमराज यांनी माझ्यादेखत सही केली. सही करण्यापूर्वी त्यांनी सर्व पाने मला वाचू दिली. शिडी मी घेईन.
(सही) दिनांक १२ मे २०२५

साक्षीदार २. इद्रिस करीम मिस्त्री, वय एकाहत्तर, राहणार शहादा. बारा तारखेला मी या घरी हजर होतो, पण साक्ष केली नाही. माझ्या नातवाच्या नावावर खोटे चढलेले असताना या ओट्यावर मी सही करणार नाही, असे बोलून मी उठून गेलो. आज सकाळी अकरा वाजता धीरज एकटा माझ्या दुकानात आला. तो ठाण्यातून येत होता. दगड लावायचे काम माझे होते, मी लावले नाहीत, असा जबाब त्याने दिला आहे. आपल्यावर गुन्हा दाखल होईल हे त्याला तिथे सांगितले गेले होते. ठाण्यात जाण्याआधी तो त्या अंगणवाडीच्या बाईंच्या घरी गेला होता. त्यांनी त्याला दारात उभे ठेवले, असे तो म्हणाला.  आकिब दुकानात होता. त्याने बसायला स्टूल पुढे केले.

म्हणून मी आज आलो. हेमराज यांनी ही सही आपलीच असल्याचे माझ्यासमोर खुणेने कबूल केले. माझी साक्ष करताना एक गोष्ट लिहितो. सन १९९८ मध्ये ऑटोची कळ मी तपासली. ती चुकून फिरणारी नव्हती हे मला त्याच दिवशी माहीत होते. पाटलांकडचे काम सुटेल म्हणून मी गप्प राहिलो आणि अठरा वर्षांचे पोर डोंगरात गेले. माझ्यावर कोणाचे दडपण नव्हते. येत्या शुक्रवारी मी धीरजसोबत पाड्यावर जाणार आहे. वाचून तो दाखवील, आणि माझे मी सांगेन.
(सही) इद्रिस करीम मिस्त्री
मौजे पिंपळदे, दिनांक २१ मे २०२५